आमच्या साउंडमधला माझा वाटा

३ मार्च
आजपासून रोजनिशी. रोज. खंड नाही. उद्या बँड गाजल्यावर हा साउंड नेमका कुठून आला, ते आठवत बसायला नको.

ड्रमवर डेंटिस्ट. प्रॅक्टिस रविवारी त्याच्याच दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीत गिटारच्या बॅगा. बेसवर मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. गायला पीटीच्या बाई. रिदम गिटार मी. दिवसा चष्म्यांचं दुकान.

टाउन हॉलच्या कार्यक्रमासाठी आमची निवड झाली! २९ला. थोडक्यात, माझी.

९ मार्च
खंड पडला. दुकानात नव्या फ्रेम्स आल्या होत्या. आजपासून नक्की.

प्रॅक्टिसला हॉलचा साउंडवाला आला होता. गळ्यात हेडफोन. एकेकाला एकटं वाजवायला लावलं. डेंटिस्टला म्हणाला, तुमचा ठोका किंचित मागे पडतो, तो मागेच राहू द्या, गाणं त्याला रेलून बसतं. (गुडघा दुखतो म्हणून मागे पडतो, हे मी सांगितलं. कोणी हसलं नाही.) मेहुण्याला म्हणाला, तुम्ही मोजकंच वाजवता, पण पायाखाली जमीन असल्यासारखं वाटतं. बाईंचा आवाज मैदानावर ओरडून ओरडून फाटलाय. म्हणाला, ही फाट जपा, हीच तुमची ओळख.

माझं ऐकून म्हणाला, हं.

काही माणसं भारावली की बोलत नाहीत.

१० मार्च
दिवसभर ‘हं’वर विचार. एका आजोबांना वाचायच्या चष्म्यात लांबचा नंबर घातला. ते बिचारे पेपर हात लांब करून वाचत बसले. बदलून दिला.

१६ मार्च
डेंटिस्टने सुचवलं की कडव्यात मी वाजवू नये. बाईंचा आवाज मोकळा होतो म्हणे. दुखणार नाही असं सांगून तो दात उपटतो, तोच सूर. मान्य केलं. मोठे कलाकार जागा सोडतात. आता कडव्यात मी शांतता वाजवणार. धृपदात मात्र दाखवतो एकेकाला.

१८ मार्च
हिला विचारलं, मी गप्प असलो की गाण्याला वजन येतं का? ही म्हणाली, आधी घरी करून बघा.

२३ मार्च
धृपदही गेलं.

मेहुण्याला पुढे केलं होतं. तोंड इवलंसं करून म्हणाला, भाऊजी, राग मानू नका, तुम्ही वाजवलं की माझा बेस झाकला जातो. लग्नात माझे बूट लपवायला सोडलेलं पोर ते. आता सगळं गाणं लपवायला निघालंय.

मंगळवारी जादा प्रॅक्टिस आहे. जाणार नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवणार. मी नसलो की साउंड कसा लुळा पडतो, ते कळू दे एकदा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

२५ मार्च, संध्याकाळ
फोन आला नाही. संकोच वाटत असेल.

सहज फिरत फिरत दवाखान्यासमोर गेलो. फुटपाथवर उभा राहिलो. आतून गाणं येत होतं. डेंटिस्ट मागे, मेहुणा खाली, बाई वर जाऊन फाटत होत्या. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. कोणाचा तरी पाय ठेका धरत होता. खाली बघितलं तर माझाच.

काय कमी आहे ते शेवटपर्यंत शोधत होतो. असणारच काहीतरी. ट्रॅफिकमुळे नीट कळलं नाही.

२७ मार्च
रेडिओवाली मुलाखतीला आली. कोणी साउंडला काय दिलं, हाच प्रश्न! माझं उत्तर पाठ होतं. पण तिने प्रत्येकाला दुसऱ्यांबद्दल सांगायला लावलं. ठोका झाला, बेस झाला, बाईंची फाट झाली. माझ्यावर गाडी आली आणि तिघं एकमेकांकडे बघायला लागले. रेडिओवर इतकी शांतता परवडत नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, ह्यांनी आम्हाला गोळा केलं. मी चष्मा करायला गेले होते, आरशात बघत गुणगुणत होते, तर हे नंबर काढायचा सोडून ऐकतच बसले.

मी म्हटलं, ते जाऊ द्या, वाजवण्याचं बोला. रेडिओवाली म्हणाली, वेळ संपली.

बाहेर मेहुणा म्हणाला, भाऊजी, शेवटचा कॉर्ड तुमचा. आम्ही सगळे थांबायचं आणि तुम्ही एकट्याने वाजवायचा. म्हणजे अख्ख्या गाण्याचा शेवट माझ्या हातात! उगाच मनाला लावून घेतलं.

२८ मार्च
दिवसभर एकच कॉर्ड. बैठकीत, गॅलरीत, बाथरूममध्ये. हिने विचारलं, शेवट एकदाचा कधी होणार?

३० मार्च, दुपार
कालचं लिहायला हवं.

हॉल भरलेला. गाणं असं रंगलं की मी ऐकतच राहिलो. मलाही वाजवायचं आहे, हे दुसऱ्या कडव्यानंतर आठवलं. मग तिघं थांबले. मी हात उचलला. आणि लोक उठले. शिट्ट्या, टाळ्या, बाकं वाजवणं. मी कॉर्ड मारला. बोटांना लागला, कानांना नाही. पुन्हा मारला. अजून जोरात टाळ्या.

डेंटिस्ट रडत होता. मेहुणा वाकून पाया पडला. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलल्या. तेही टाळ्यांत गेलं.

साउंडवाल्याला गाठून विचारलं, आला का? म्हणाला, कोण?

३१ मार्च
दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक मला ओळखून म्हणालं, परवा तुमचा बँड ऐकला, अंगावर काटा आला. मग विचारलं, तुम्ही त्यात नक्की काय वाजवता?

मी म्हटलं, हनुवटी इथे टेकवा. समोर दिव्याकडे बघा.