रोहण्याची हळद

बोरगाव मेघे,
१२ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तू पुण्यात बरी असशील. फोनवर बोलायला गेलो की आई बाजूलाच येऊन बसते, म्हणून लिहितो आहे.

कालच रोहण्याहून आलो. खांदा आखडला आहे, पायांत जीव नाही. लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे सगळ्यांच्या आधी उभा आणि सगळ्यांच्या नंतर जेवणार. माझ्या वाट्याला गार भात आला. तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. काका-काकू कन्यादानाला बसणार आहेत, काकूंनी शालू घेतला.

रोहण्याच्या लग्नाला आमच्या स्टुडिओच्या चंद्रभानभाऊंनी पहिल्यांदाच मला एकट्याला पाठवलं होतं. हळदीत नवरीची आई फोटोत हवीच, हे त्यांनी बजावलं होतं. बायका हळद लावत होत्या, आई कुठे दिसेना. शोधली तर मांडवामागे भांड्यांपाशी बसलेली. धुरपताबाई त्यांचं नाव. "मले नको नेऊ, बापू," म्हणत राहिल्या. मला वाटलं लाजतात. हात धरून आणलं, म्हटलं लावा हळद. त्यांनी बोट बुडवलं, पोरीच्या गालाला लावलं. नवरीच्या आत्याने वाटी उचलून नेली, दुसरी हळद आणली. धुरपताबाई मान खाली घालून परत गेल्या.

चंद्रभानभाऊ फोनवर खूप बोलले. "आधी कपाळ पाह्यजो, मंग कॅमेरा उचलजो. विधवा बाई तुले दिसली नाई काय?"

दिसली होती ग. पण कपाळ मोकळं आहे हे डोक्यातच आलं नाही. बाबा गेल्यापासून घरात रोज तेच कपाळ पाहतो. मला आईचं कपाळ तसंच असतं असं वाटतं.

आत्याने तो फोटो पुसायला लावला. मी हो म्हटलं. निघताना नवरी हळूच येऊन म्हणाली, "दादा, तेवढा एक ठेवजा माह्यासाठी." ठेवला आहे. दोघी रडताहेत त्यात, आणि हललाही आहे थोडा. तरी माझा आजवरचा चांगला फोटो तोच.

आता खरं लिहितो. तुझ्या हळदीच्या दिवशी आईने स्वतःच कोठीचं काम मागून घेतलं आहे. काकू लगेच हो म्हणाल्या, मीही काही बोललो नाही. काल घरी आल्यावर विचारलं, तर म्हणते, "माह्या फोटोची काळजी नको करू. पोरीचं चांगलं झालं पाह्यजे." तुझं वाईट होईल या भीतीने ती तुला हात लावणार नाही, ताई.

मी तिला ओढून आणणार नाही. एका आईची तशी फजिती केली, तेवढं पुरे. हाक तू मार, सगळ्यांसमोर, पहिल्या हळदीला. तू बोलावलंस तर ती येईल. नाही बोलावलंस तर रागावणार नाही, पण फोटोला दुसरा माणूस सांग. मी कोठीत तिच्याजवळ बसेन.

आईचा आणि तुझा,
ऋतिक