काचघरातली फांदी

प्रिय आई,

इथूनच तुला वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, मुलांचा खोकलाही गेला. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढत नाहीस ना?

रविवारी मुलांना बागेतलं मोठं काचघर दाखवायला नेलं. आत इतकं दमट, की चष्म्यावर वाफ धरली. तिथं एका जांभळ्या पानांच्या झाडावर माझा जीव जडला आणि तुझीच खोड माझ्या हातात आली. इकडेतिकडे बघून फांदी खुडली, तेवढ्यात मागून माळ्यानं हाक मारली. मी चटकन ती धाकटीच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "लहान आहे, कळत नाही तिला."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून त्याला "सॉरी" म्हणाली. चार वर्षांची पोर. माळी म्हणाला, "असू दे, ने घरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तूही फोनवर विषय काढू नकोस.

फांदीला ग्लासात मुळं फुटलीत. काल पाणी बदलताना धाकटी तिच्या दादाला सांगत होती, "हे झाड मी मोडलं होतं. तरी आई मला रागावली नाही."

तुझीच,
थोरली