बरणीवरचं अक्षर

४ सप्टेंबर
आमच्या साहेबानं, बोश्कोनं, मी केलेलं लेबल तिसऱ्यांदा परत पाठवलं! "रत्का, हे औषधाच्या दुकानातलं वाटतंय. एखाद्या बाईनं घरून आणून वाढल्यासारखं वाटलं पाहिजे."
आमचा आयवार, म्हणजे ही मिरच्यांची चटणी, होतो कारखान्यात. लाल मिरच्या गॅसच्या पिंपात भाजतात, यंत्रं सोलतात. त्यात बाई कुठून आणू?

५ सप्टेंबर
बाई सापडली. माझ्याच फडताळात होती.
आईनं गावाहून पाठवलेल्या आयवारच्या बरण्या. त्यांवर तिच्या चिठ्ठ्या — "आधी ही संपव." "ही तिखट आहे, जपून." अक्षर जरा मागे कललेलं, ओळ शेवटी खाली घसरते. एकेक अक्षर उचललं, संगणकात बसवलं, आणि नवीन वाक्य जुळवलं — "सावकाश भाजलं, माझ्या हातांनी." कागदाची कड फाटल्यासारखी केली. झाकणावर चौकटीच्या कापडाचा छाप.
बोश्कोनं बरणी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाला, "मलाच भूक लागली की!"
आईला विचारायला हवं होतं. विचारीन.

१९ सप्टेंबर
दुकानात जाऊन उभी राहिले. एका बाईनं बरणी उचलली, अक्षरावरून अंगठा फिरवला, नवऱ्याला म्हणाली, "हीच घेऊ. ही कुणीतरी केलीय."
कारखान्याचं नाव मागे आहे. इतकं बारीक की चष्मा लावूनही वाचता येऊ नये. तेही मीच केलंय.
आईला अजून सांगितलेलं नाही.

२८ सप्टेंबर
आईचा फोन.
शेजारची झागोरकामावशी दुकानातली बरणी घेऊनच दारात आली म्हणे. "वासिलका, कारखाना काढलास, आणि आम्हाला साधी कॉफीसुद्धा नाही?" आधी थट्टा. मग आवाज चढला. "दरवर्षी आम्ही तुझ्या अंगणात मिरच्या सोलताना बोटं पोळून घ्यायची, आणि विकायचं तू एकटीनं?" आईचं अक्षर अख्ख्या आळीला ओळखू येतं. मी काय काम करते ते मात्र कुणाला ठाऊक नाही. शहरात, स्कोप्याला, ऑफिसात असते, एवढंच.
आईनं विचारलं, "माझं अक्षर तिथं कसं गेलं गं?"
सांगितलं.
आई म्हणाली, "पण मी हे लिहिलंच नाही. ते मी भाजलंही नाही. माझ्या हातून खोटं लिहवलंस?"
आणि फोन ठेवला तिनं.

२९ सप्टेंबर
बोश्कोला म्हटलं, अक्षर बदलू या.
"खप दुप्पट झालाय, आणि म्हणे बदलू! दुसऱ्या कुणाची आई आण, मग बदलू."
मी हसले. हसले मी!

५ ऑक्टोबर
गावी आले. आज आयवारसाठी मिरच्या भाजायच्या. दरवर्षी अंगणात पाय ठेवायला जागा नसते — चार घरच्या बाया, धूर, राकिया दारूचे पेले, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. आज आई एकटी चुलीपाशी. मिरच्यांची पोती भिंतीला टेकून तशीच.
शेजारी बसून सोलू लागले. म्हटलं, "आत्ता जाते. सगळ्यांना सांगते, हे माझं काम आहे."
"खाली बस. तुला उद्या परत जायचंय. मला इथंच राहायचंय."
"म्हणूनच तर—"
"साल काढ नीट. काळं ठेवतेस."
मी बसून राहिले. खरं सांगू? तिनं अडवलं म्हणून बरंच वाटलं.
संध्याकाळी हात धुऊन ती एकटीच झागोरकामावशीकडे गेली. लगेच परतली. काय बोललीस, विचारलं.
"झालं बोलणं."

७ ऑक्टोबर
झागोरकामावशीचा फोन — माझ्याकडे, पहिल्यांदाच. "तुझ्या आईनं कबूल केलं गं. हाव सुटली म्हणे, तिनंच दिलं कंपनीला लिहून. आणि तुला बिचारीला पत्ताही नाही! मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. तुझी काय चूक?"
मी म्हणाले, "बरं, मावशी."