नवापूरची सहाची बस

नवापूर, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप विजयावन्सं यांना शैलाचा वाकून नमस्कार, भावोजींनाही सांगावा. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळवा. मेहुलबरोबर पाठवलेले सुके बोंबील तुमच्या नाशिकच्या शेजाऱ्यांना पत्ता न लागता घरात पोचले असतील अशी आशा करते. इकडे मी ठीक आहे, वाडीतले माड ठीक आहेत, आणि तुमचे बंधू गेला महिनाभर बसमय झालेले आहेत. फोनवर तुम्हाला ते "विशेष काही नाही" म्हणाले. विशेष बरंच होतं, म्हणून मी लिहायला बसले.

झालं असं की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एस.टी.चा एक कागद लागला. कुठे बस नाही, कुठे अवेळी येते, कुठे थांबत नाही, ते प्रवाशांनी लिहून द्यावं, तीन आठवड्यांनी, शुक्रवारी अकरा वाजता पालघरला सुनावणी आहे. गावातल्या बाकीच्यांनी तो वाचला आणि ते पुढे गेले. तुमच्या बंधूंनी तो वाचला आणि दोनशे फॉर्म छापून आणले. (एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर लोकांच्या येण्याजाण्याची मिनिटं टिपलेला माणूस, निवृत्त झाल्यावर टिपायला मीच उरले होते. त्यामुळे खरं सांगते, मला आनंदच झाला.)

पहिल्या दिवशी ते स्टॉपवरच फॉर्म वाटायला बसले. बावीस लोकांना फॉर्म दिले, बावीस पेनं दिली, आणि नेमकी त्याच दिवशी बस वेळेवर आली. लोक फॉर्म आणि पेनांसकट बोईसरला गेले. मग घरोघरी फिरायचं ठरलं आणि मला बरोबर घेतलं, कारण बायका त्यांच्याशी मोकळेपणी बोलत नाहीत. (माझ्याशी इतक्या बोलल्या की एका घरात दोनदा चहा झाला आणि फॉर्म राहिलाच.) "बसची किती वेळ वाट पाहता?" या रकान्यात बुधाने लिहिलं, "अजून बघतोय." नामदेवकाकांनी पालघरपलीकडच्या माहीमला थेट बस मागितली. तिथे त्यांची लेक दिलेली आहे. आधी बोईसर, मग पालघर, मग माहीम अशा तीन गाड्या बदलता बदलता म्हातारा एवढा थकतो की नातवाला मांडीवर घेऊन स्वतःच झोपतो. हे सांगताना ते हसत होते, पण फॉर्मवरची सही मात्र दोनदा गिरवून ठळक केली. गावात भाड्याच्या खोल्यांत राहून बोईसरच्या कारखान्यात जाणारी पोरं भेटली. एक जण म्हणाला, "अंकल, शिफ्ट सात बजे, बस सवा सात." बस रोजच्या रोज, न चुकता, पंधरा मिनिटं उशिराची! तुमच्या बंधूंना हे इतकं लागलं की ते त्या रात्री जेवले नाहीत. (सकाळी दुप्पट जेवले.)

पण खरी गोष्ट सांगितली मैनाबाईने. ती आणि शकू डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकतात, ते तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "बस येते ओ भाऊ. पन टोपली बगितली का कंडक्टर बोलतो, मासे खाली. आता मासे खाली नि मी वर, तर बाजारात जाऊन मी विकू काय?" म्हणून या बायका टेंपोची वाट बघतात, टेंपो भरेपर्यंत ऊन चढतं, आणि बर्फ विरघळला की मासळी नरम पडते. तुमच्या बंधूंनी तो फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

शुक्रवारी आम्ही दोघं एकशे त्रेचाळीस फॉर्म पिशवीत घालून स्टॉपवर उभे राहिलो. बस आली, गच्च भरलेली, आणि न थांबता गेली. तुमच्या बंधूंनी घड्याळ बघितलं, उरलेल्या कोऱ्या फॉर्मपैकी एक काढला आणि स्वतःची तक्रार भरू लागले. तेवढ्यात मैनाबाईचा टेंपो आला. तिने आम्हाला टोपल्यांच्या मधे बसवलं आणि बोईसर आल्यावर म्हणाली, आज बाजार राहू दे, आमी पन येतो पालघरला. अशा रीतीने आम्ही दोघं, सहा बायका आणि सहा टोपल्या सुनावणीला हजर झालो.

दारातल्या शिपायाने आडवा हात केला. टोपल्या आत चालणार नाहीत म्हणाला. मैनाबाई कमरेवर हात ठेवून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बगा! हितं पन तेच!" हॉल हसला, समोर बसलेल्या तरुण अधिकारी बाई हसल्या, आणि टोपल्या आत आल्या. मग आमचं नाव पुकारलं. तुमचे बंधू रुबाबात उठले, पिशवी उघडली, तर बर्फाच्या पाण्याने सगळे फॉर्म एकमेकांना चिकटून एक जाडजूड पुरणपोळी झालेली. वन्सं, त्यांचा चेहरा मला बघवेना. मी केसातला आकडा काढला आणि एकेक कागद सोडवायला बसले. मी सोडवत गेले, ते वाचत गेले, आणि जिथे शाई पसरली होती तिथे मैनाबाई उभी राहून सांगत गेली. अधिकारी बाई मासळीच्या वासात तासभर बसल्या आणि नाकाला रुमाल न लावता लिहून घेत होत्या.

माहीमच्या थेट बसचं "बघू" झालं. पण नवापूरहून सकाळी सहाची बस मंजूर झाली! पावणेसातच्या आत बोईसर, आणि मागे टोपल्यांना जागा. सध्या महिनाभर चालवून बघणार. सोमवारी पहिली बस आली तेव्हा शकूने ड्रायव्हरला ओवाळलं, आणि तुमचे बंधू कुठेही जायचं नसताना बोईसरला जाऊन आले. परत आले ते लहान मुलासारखे हसत.

मोठ्यांना नमस्कार, रिद्धीला गोड पापा.

तुमची,
शैला

ता.क. बसला रोज निदान तीस माणसं लागतात, नाहीतर महिन्यानंतर बंद. काल अठ्ठावीस भरली. तेव्हा तुम्ही आणि भावोजी महिनाभर राहायला या. हवापालट होईल, ताजे मासे मिळतील, आणि रोज सकाळी सहाला बोईसरला जाऊन परत यायचं, एवढंच काम.

दुसरं ता.क. त्या अठ्ठावीसात तुमच्या बंधूंनी मलाही धरलं आहे. खरं तर मी अजून एकदाही त्या बसमध्ये चढलेली नाही. सहाला कोण उठतं, वन्सं? तुम्ही लवकर या.