प्लॉट नंबर एकचे सदतीस टँकर

गारखेडा, औरंगाबाद
१६ मे २०१६

ती. सावनीताईस,

शंतनूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. सुटलेली वायर शोधायला मी ऑफिसच्या टेबलाखाली पोटावर आडवा झालो होतो, तेव्हाच तुला पत्र लिहायचं ठरलं.) तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला गेला का? चि. मिहिर रोज पोहायला जातो असं मावशी फोनवर म्हणाली. माणूस पोहू शकेल इतकं पाणी एका जागी साठलेलं असतं, ही बातमी मी आमच्या गल्लीत सांगितली, पण कुणाचा विश्वास बसला नाही. इकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही येण्याआधी पाऊण तास नुसता सूं सूं आवाज करतं. बाकी आम्ही सगळे खुशाल आहोत आणि एका बादलीत आंघोळ, फरशी आणि तुळस अशी तिन्ही कामं उरकतो.

हे पत्र मी मुद्दाम हातानं लिहितोय. तुझ्या ऐरोलीच्या कंपनीत आणि आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत जी मेलामेली चालते ती दोन्हीकडचे साहेब वाचतात, आणि यातलं काहीही दोघांनी वाचू नये अशी माझी इच्छा आहे. तांत्रिक बाजू तुला माहीतच आहे, कारण तो डेटाबेस तुमच्याच ताब्यात असतो. पण त्या डेटाबेसचं इकडच्या टोकाला काय झालं, हे तुला कुणी सांगितलं नसणार.

आमचे मालक आप्पासाहेब तुला ठाऊक आहेत. पूर्वी कूलर विकायचे, मग त्यांना कुणीतरी सांगितलं की सॉफ्टवेअरला गोडाऊन लागत नाही. मुकुंदवाडीच्या रुळांपलीकडं कैलासदीप नावाची नवी वसाहत झालीय, चौसष्ट प्लॉट, रस्ता आहे, दिवे आहेत, नळाचे पाइपसुद्धा आहेत. आत पाणी तेवढं नाही. (शहर वाढतंय ते असं, सगळ्या बाजूंनी आणि कोरडं.) तिथल्या टँकर केंद्राचं काम आप्पासाहेबांनी आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये एक संगणक, त्यावर मी लिहिलेला प्रोग्राम. माणसानं प्लॉटचा नंबर टाकायचा, किती टँकर हवेत ते टाकायचं, बटण दाबायचं. प्रोग्राम स्वतः काही करत नाही. तो तुमच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रोसीजरला हाक मारतो आणि हे दोन आकडे तिच्या हातात देतो. पुढची नोंद करणं, ड्रायव्हरला मेसेज पाठवणं, हे सगळं ती करते. आप्पासाहेबांना हे समजावून सांगायला मला एक दुपार लागली. "म्हणजे काम ऐरोलीत होणार आणि बिल इथं?" असं त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून त्यांचा या तंत्रावर फार जीव आहे.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा. ते दोन आकडे पाठवताना त्यांच्यासोबत नावं पाठवता येतात: हा प्लॉट, हे टँकर. मी नावं पाठवली नाहीत. पहिला प्लॉट, दुसरे टँकर, असा नुसता क्रम धरून चाललो. नऊ तारखेला तुमच्याकडून मेल आली की प्रोसीजरमध्ये 'काही किरकोळ सुधारणा' केल्या आहेत. मी काही बेफिकीर माणूस नाही. लगेच चाचणी घेतली. प्लॉट नंबर एक, टँकर एक. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' आलं, खरोखरचा टँकर खरोखर प्लॉट नंबर एकवर जाऊन आला (चाचणीसाठी वेगळा सर्व्हर द्या असं आम्ही तुम्हाला दोनदा कळवलंय), आणि मी समाधानानं चहा प्यायलो. ती किरकोळ सुधारणा म्हणजे दोन आकड्यांची अदलाबदल होती. आधी टँकर, मग प्लॉट. एकाच्या जागी एक गेला तर कळणार कसं?

मंगळवारी सकाळी प्लॉट नंबर सदतीसच्या दत्तोपंतांनी एक टँकर मागवला. ते कुठल्याशा कचेरीतून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झालेत, वसाहतीचे अध्यक्ष आहेत, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी नातीचं बारसं होतं. तुमच्या प्रोसीजरनं निमूटपणे प्लॉट नंबर एकला सदतीस टँकर मंजूर केले. मग बावन्न नंबरनं एक मागवला. प्लॉट नंबर एकला आणखी बावन्न. प्रत्येक वेळी हिरवं 'यशस्वी'. केंद्राकडं टँकर सात, ड्रायव्हर सात, आणि सगळ्यांना एकच पत्ता, तोही डांबरी रस्त्याला लागून. इतकी सोयीची ड्यूटी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

प्लॉट नंबर एकवर आवडाबाईंची पिठाची गिरणी आहे. बाई साठीच्या, एकट्या राहतात. चाचणीच्या नोंदीत मी माझाच मोबाइल नंबर टाकला होता, तो ड्रायव्हरनं त्यांना दिला. दहा वाजता फोन आला.

"टँकरवाले साहेब का?"

मी म्हणालो, साहेब नाही, प्रोग्रामवाला.

"कोन बी असा. मी पानी मागितलं नाय. टाकी भरली, रांजन भरले, दळनाचे डबे बी भरले. ह्यो बन्सी म्हनतो अजून चौतीस खेपा हायेत. मी काय करू, गिरनीत मासे पाळू?"

स्कूटर काढून गेलो. गिरणीसमोर पाच टँकर रांगेत उभे, आणि बन्सी नावाचा पहिला ड्रायव्हर पाइप हातात धरून जागा शोधतोय. मी म्हणालो, परत ने. त्यानं मला मोबाइल दाखवला. "पत्ता हाच आहे, सरजी. दुसरीकडं ओतलं तर खेप धरत नाही तुमचं मशीन." ते मशीन माझंच, त्यामुळं वाद घालता येईना. शेवटी आवडाबाईंनीच मार्ग काढला. गिरणीच्या मागं एक जुनी विहीर आहे, तीन वर्षं कोरडी. "तिच्यात सोडा," म्हणाल्या. आणि कंपाउंडच्या मागच्या भिंतीवरून कुणाला तरी हाक मारली, "करुणा, समद्यांना घेऊन ये. लई पानी आलंय!"

त्या भिंतीमागं बारा घरं आहेत, ताई. पत्र्याची. तिथली माणसं या वसाहतीच्या आधीपासून आहेत. कैलासदीपचे सगळे बंगले त्यांनीच बांधले, पण प्लॉट पाडणाऱ्यानं नकाशा त्यांच्या भिंतीपाशी संपवला. करुणा ही त्यातली एक, दवाखान्यात आशाताई म्हणून काम करते. पाच मिनिटांत बायका हंडे, घागरी, रंगाचे रिकामे डबे घेऊन आल्या. करुणानं वही काढली, घरटी माणसं मोजली, लहान मूल असेल त्याला पुढं, अशी रांग लावली. (माझ्या प्रोग्राममध्ये ही सोय नाही. मला सुचलीच नव्हती.)

अकराच्या सुमाराला दत्तोपंत जरीकाठी धोतरात आले. घरात चाळीस पाहुणे, पाळणा सजलेला, आणि टाकी ठणठणीत. "माझा टँकर कुठे आहे?" मी त्यांना रांगेतले पाच टँकर दाखवून म्हणालो, हे सगळे आपलेच आहेत. हे खरं होतं, पण त्या वेळी बोलायला नको होतं. ते माझ्यावर इतके ओरडले की गिरणीचा पट्टा आपोआप थांबल्यासारखं वाटलं. करुणानं नुसतं विचारलं, "घरात बाळंतीण आहे ना, काका? मग तुम्ही पुढं या." आणि वस्तीतल्या चार बायका डोक्यावर हंडे घेऊन दत्तोपंतांच्या मागं सदतीस नंबरपर्यंत गेल्या, तीन फेऱ्या. बारसं झालं. नाव स्वराली ठेवलं.

तू म्हणशील, दोन आकडे जागेवर आणायला कितीसा वेळ? दोन मिनिटं. पण आप्पासाहेबांनी हात धरला. त्यांचं म्हणणं, जो दुरुस्त करतो तोच गुन्हेगार ठरतो. आपण हात लावायचा नाही, ऐरोलीला तक्रार टाकायची. टाकली. उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, तीन कामाच्या दिवसांत बघू. त्यामुळं मंगळवारी दिवसभर आणि बुधवारी दुपारपर्यंत सगळं पाणी आवडाबाईंच्या विहिरीत. बाकीचे प्लॉटवालेही मग बादल्या घेऊन तिथंच आले आणि करुणाच्या वहीप्रमाणे उभे राहिले. डॉक्टरीणबाई होत्या, वकील होते. फक्त एका गृहस्थांनी आपला प्लॉट कॉर्नरचा असल्याचं सांगून पाहिलं.

बुधवारी दुपारी मी आप्पासाहेबांना न विचारता केंद्रावर जाऊन बसलो. दुरुस्ती करणार, तेवढ्यात करुणा दारात. "सर, हे नीट झालं की टँकर ज्यानं मागवला त्याच्याच घरी जाणार ना?" मी हो म्हणालो. "मग आमचा पण एक टाका. आमचा नंबर किती?" मी आकडे नव्या क्रमानं हातानं घालून शोधलं. रकाना रिकामा ठेवून पाहिला, प्रोसीजर म्हणाली, प्लॉट आवश्यक आहे. शून्य टाकून पाहिला, म्हणाली, असा प्लॉट अस्तित्वात नाही. करुणा माझ्या खांद्यावरून ते वाचत होती. "अस्तित्वात नाही," तिनं शांतपणे पुन्हा म्हटलं, जणू कुणाचं तरी औषध वाचून दाखवतेय. मी खुर्चीत इतका अवघडलो की प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, म्हणजे काहीतरी केल्यासारखं दिसावं.

मग दुरुस्ती केली. करावी लागलीच, याच सात टँकरांवर चालणाऱ्या पलीकडच्या दोन वसाहतींत दोन दिवस टँकर गेला नव्हता, तिथंही लेकरं आहेत. गुरुवारपासून सगळे टँकर आपापल्या घरी जातात, दत्तोपंतांची टाकी वेळेवर भरते, आणि आप्पासाहेबांनी केंद्राकडून 'समाधानकारक काम' असं पत्र मिळवून ते फ्रेममध्ये लावलंय. मी मात्र रोज संध्याकाळी गिरणीवर जाऊन विहिरीत दोर सोडतो. काल पाणी सहा हात होतं, आज पाच भरलं.

मावशीला आणि दाजींना नमस्कार, मिहिरला आशीर्वाद. कंबरेला जप, खुर्ची बदलून माग.

तुझा भाऊ,
शंतनू

ता. क. – प्लॉटांच्या यादीत नवी ओळ घालायला इकडून परवानगी नाही, ती फक्त तुमच्या बाजूनं घालता येते. सोबत करुणाच्या अक्षरातली बारा नावं जोडली आहेत. त्यांना पासष्ट ते शहात्तर नंबर दे. विहीर याच आठवड्यात तळ गाठेल, तेव्हा तीन कामाचे दिवस वगैरे नको.

ता. क. २ – तुमच्या प्रोसीजरचा मजकूर मला इकडून वाचता येतो, हे बहुधा तुमच्या लक्षात नाही. वरच्या ओळीत 'किरकोळ सुधारणा' करणाऱ्याची तारीख आणि आद्याक्षरं आहेत. स. दे. अशी आहेत, तुझ्या पत्राखाली असतात तीच. मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. सहज कळवलं.

ता. क. ३ – यादीवर वसाहतीच्या अध्यक्षांची सही लागेल असं तुम्ही म्हणाल, म्हणून परवा दत्तोपंतांकडं गेलो. अर्धा तास त्यांनी मला कायदा सांगितला. मग आतून त्यांच्या सूनबाई स्वरालीला घेऊन बाहेर आल्या आणि समोर बसून राहिल्या. दत्तोपंतांनी सही केली, आणि खाली शाईनं लिहिलं, 'फक्त उन्हाळ्यापुरते.' ही अट कुठल्या रकान्यात भरायची म्हणून शोधत बसू नकोस. तसा रकाना तुमच्या प्रोसीजरमध्ये नाही. सही घ्यायला जाण्याआधी मी पाहून घेतलं होतं.