कागदावरच्या गावातली शेजारीण

बाई, आता मी दूरदूरच्या मुलांना संगणकावर शिकवते. पडद्यावर चित्रातली शाळा असते आणि आपापल्या घरी बसलेलं प्रत्येक पोर तिथं बाहुलीच्या रूपात चालत येतं. परवा एक मुलगी फाटकापाशीच उभी राहिली. 'आत ये की,' म्हणाले, तर म्हणते, 'मी इथूनच ऐकते, मॅडम.' मग दिवसभर मला तुम्हीच आठवत राहिलात.

तुम्ही हे मानवतच्या तुमच्या स्वयंपाकघरात कागद आणि कार्बनवर केलं होतं. नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली, आम्ही पिंगळीला मामाकडे आलो आणि माझी शाळा सुटली. बाहेरून दहावीला बसवायला तुम्ही आम्हा पाच मुलींना हाताशी धरलंत. पाच गावांच्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या. भिंतीवरच्या खाकी कागदावर तुम्ही एक गाव काढलंत, त्याची नक्कल दर पंधरवड्याला टपालानं यायची. क्षेत्रफळ काढायचं ते तिथल्याच शेतांचं, ग्रामपंचायत शिकायची ती तिथलीच. प्रत्येकीनं त्यात आपलं घर काढायचं आणि नाव न लिहिता, घराच्या खुणेनं एकमेकींना पत्रं लिहायची; ती तुम्ही न उघडता पुढं पाठवायचात. नावं का नकोत, ते मला फार उशिरा कळलं.

मी पहिल्यांदा आले तो दिवस. तुम्ही भाकरी थापताय, मी ओढ्यापलीकडे घर काढतेय. तुम्ही पिठाच्या हातानं पेन्सिल काढून घेता.

'तिकडं का गं?'

'आमचं तिकडंच असतंय, बाई.'

'पूस ते.' तुमचा आवाज एवढा चढलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. 'मधी एवढी जागा हाय. कुठं राहायचं ते तू ठरव.'

मी चिंचेखाली घर काढलं. शेजारचं घर झरीच्या मुलीचं, मोठ्या शेतकऱ्याची लेक. 'तुझ्या चिंचेचा पाला माझ्या अंगणात पडायलाय,' असं लिहून ती खाली अडलेलं गणित घालायची. मी ते सोडवून पाठवायचे, ती माझं इंग्रजी तपासायची. मामाच्या घरात नऊ माणसं होती, पण मनातलं बोलायला मला तीच.

परीक्षेचं केंद्र परभणीत आलं. पहिला पेपर सुटला तेव्हा दारात एक मुलगी, हातात डबा घेऊन, येईल तिला विचारत होती, 'चिंचेखालचं घर तुझं का?' माझ्यापाशी आली तेव्हा सोबत आलेल्या तिच्या काकूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

'कुणाची गं तू? आडनाव काय?'

मुलगी हसून वाट बघत होती. मी म्हणाले, 'मी न्हाई ती.' आणि चालू लागले. आठवड्यानं तिचं पत्र आलं: लय शोधलं, दोघींपुरते धपाटे आणले होते. मी उत्तर दिलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

पास झाल्यावर मी पेढे घेऊन आले. तुम्ही आधी तेच विचारलंत, 'भेटली का शेजारीण?'

'आलीच न्हाई, बाई.'

तुम्ही पेढ्यांचा पुडा न उघडताच फळीवर ठेवलात. नंतर तुमच्या तोंडून तिचा विषय कधी निघाला नाही, आणि मीही तो काढला नाही.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही. पण जाताना तुमच्या मनात तिच्याविषयी काही राहिलं असेल, तर ते काढून टाका. ती आली होती. टाळलं ते मी.