इल्हेरू

सोमवार
पोचले एकदाची! खोली झकास आहे, खिडकीशी टेबल, आणि मुख्य म्हणजे शेजारी घोरायला दादा नाही. कामही मजेशीर. सरांनी म्हातारपणी एक अख्खी भाषा रचलीय, तिचा शब्दकोश मी टाइप करायचा. अट एकच: शब्द घरात वापरल्याशिवाय कोशात घ्यायचा नाही. त्यामुळे स्वयंपाकाच्या मावशी मिठालाही मीठ म्हणत नाहीत. हसून हसून मेले.

बुधवार
आज आम्ही ‘इल्हेरू’पाशी अडलो. इल्हेरू म्हणजे त्या भाषेतल्या देवाचा पुजारी, मोठ्या मानाची पदवी. पण हाक मारायला पुजारी आणायचा कुठून? माझी जीभ मेली नको तिथे वळवळते. म्हटलं, मारा मलाच! सरांनी हाक मारली, मी झोकात ओ दिली. मावशींच्या हातातलं पातेलं पडलं. सर मात्र खूश होते.

शुक्रवार
दोघंही मला इल्हेरूच म्हणतात. गंमत पुरे, असं ठणकावलं. मावशी रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, पोरी, आता त्या हाकेला उत्तर देऊ नकोस. पहिल्या ‘ओ’ला नाव जातं, दुसऱ्या ‘ओ’ला माणूस. मग खालच्या खोलीतल्या देवाला बोलायला तोंड मिळतं.
काहीतरीच! दादाला फोन लावला. माझा नंबर बघून तो म्हणाला, बोल गं इल्हेरू.
ओ न देता फोन ठेवला.

शनिवार
सरांनी दाराला बाहेरून कुलूप घातलंय. फोनही नेला. दाराआडून हाका मारतात, लाडाने. मी ठमी आहे. आईची ठमी, भांडकुदळ ठमी. मेले तरी ओ देणार नाही. बसा घसा सुकवत!
खालच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरतंय. आवाज माझा —

रविवार
दादा आलाय! खाली, फाटकाशी. काळजीने धावत आला, वेडा. हाक मारतोय — इल्हेरू, इल्हेरू —
ठमे म्हण ना रे. एकदाच. आत्ता ओरडले तर तीच ओ ठरेल.
चप्पल फेकली, पत्र्यावर अडकली. गज हलत नाहीत. सर त्याला सांगतायत, ती कालच इथून निघून गेली.
डोळे पुसतोय. माझा दादा.
वळला —
ऐक रे देवा. तोंड घे, पण जीभ ठमीची आहे. हिच्याशी भांडून कोण जिंकलंय, ते आमच्या घरी विचार. ये, बघतेच तुला —
दादा, थांब! ओ —